पडताळा

त्या गुरुवारी सकाळी हेमलताबाई नवऱ्याची पाठ पुसत होत्या आणि नवरा त्यांच्याशी बोलत होता.

"पाणी कोमट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"छान आहे. बरं वाटतंय," पलंगाशेजारच्या लॅपटॉपमधून दिगंबररावांचा आवाज आला. "तू चहा घेतलास का? आधी चहा घे, मग बाकीचं."

"घेईन हो."

"तुझं असंच. स्वतःकडे बघायला तुला कधी वेळ झालाय?"

हेमलताबाई थोडं हसल्या. टॉवेल बादलीत पिळून त्यांनी दिगंबररावांना कुशीवरून उताणं केलं, सदऱ्याची बटणं लावली, उशी सारखी केली. मग कानामागची चकती बसवायला हात टेबलाकडे नेला आणि तो हात तिथंच राहिला.

चकती औषधाच्या डब्याच्या झाकणात होती. भिजू नये म्हणून अंग पुसण्याआधी त्यांनीच ती काढली होती. रोज त्या चकती काढतानाच लॅपटॉपचं झाकण मिटायच्या. आज विसरल्या होत्या. म्हणजे गेली दहा मिनिटं दिगंबररावांच्या मेंदूतून लॅपटॉपकडे काहीही गेलेलं नव्हतं.

चकती हातात धरून त्यांनी विचारलं, "अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय ना," लॅपटॉप म्हणाला. "तुझंच तर ऐकत असतो."

त्यांनी झाकण मिटलं. पलंगावर दिगंबरराव छताकडे बघत पडले होते. बघत होते असं म्हणायचं, इतकंच. डोळे वळवणं त्यांना दिवाळीपासून जमत नव्हतं.

दिगंबर खैरमोडे भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. एकतीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. दोन भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना हा माणूस मधे उभा राहून नकाशावर रेघ मारत असे आणि रेघ मारून झाल्याशिवाय तोंड उघडत नसे. घरीही तसंच. आलो, वाढ, बघू. एवढ्यात दिवस निघायचा. हेमलताबाई शाळेत गणित शिकवायच्या, दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा. घरातली शांतता त्यांना सुरुवातीला बरीच वाटली होती. पुढं तिची सवय झाली. बरी वाटणं आणि सवय होणं यातला फरक त्यांना फार उशिरा कळला.

चार वर्षांपूर्वी दिगंबररावांच्या उजव्या हाताची बोटं लुळी पडायला लागली. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, असा तो आजार. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. डोकं मात्र शाबूत. पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांच्या कवटीखाली, मेंदूला टेकून, नखाएवढी एक जाळी बसवली. दिगंबररावांनी मनातल्या मनात हातानं अक्षर लिहायचं, त्या वेळी मेंदूत उठणारे बारीक विजेचे तरंग जाळीनं टिपायचे, कानामागच्या चकतीनं ते संगणकाकडे धाडायचे आणि कोणतं अक्षर लिहिलं ते संगणकानं ओळखायचं.

पहिली दोन वर्षं ते काम घरातल्या जुन्या डेस्कटॉपनं केलं. घरी नकाशे काढता यावेत म्हणून दिगंबररावांनीच एकोणीस वर्षांपूर्वी तो पारखून घेतला होता. एका वाक्याला सहा-सात मिनिटं लागायची, आणि वाक्य तरी काय? "पाय आखडला." "पंखा बंद." "बातम्या."

मग गेल्या वर्षी जाळी बनवणाऱ्या कंपनीचा नवा लॅपटॉप आला. पाटीएवढा पातळ, आवाज नाही, पंखा नाही. लग्नाच्या आणि बारशाच्या चित्रफितींमधून त्यानं दिगंबररावांचा आवाज उचलला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वाक्यं बोलायला लागला. महिन्या-दोन महिन्यांत दिगंबरराव गप्पा मारू लागले. हेमलताबाईंची विचारपूस करू लागले. हैदराबादला असलेली मुलगी शर्वरी दर रविवारी फोनवर तासतासभर वडिलांशी बोलायला लागली. ती आईला एकदा म्हणाली होती, "आजारानं बाबा मोकळे झाले बघ." हेमलताबाईंनाही तसंच वाटत होतं. माणूस मरणाच्या दारात मऊ होतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या बोलण्यावरच त्या उभ्या होत्या. दिवसातून आठ वेळा कूस बदलायची, नळीतून भरवायचं, लाळ ओढून काढायची, हे सगळं त्या एका आवाजाच्या जोरावर चाललं होतं.

गुरुवारच्या आधीच्या सोमवारी डॉक्टर निंबाळकर घरी येऊन गेल्या होत्या. दिगंबररावांचा श्वास आता पुरेनासा झाला होता. दोन-तीन आठवड्यांत गळ्याला छिद्र करून कायमचं श्वासाचं यंत्र लावावं लागेल, नाही तर मग दुसरी तयारी. नव्या नियमाप्रमाणे हा निर्णय शुद्धीवर असलेल्या रुग्णानंच द्यायचा होता, तोही दोनदा. डॉक्टरांनी विचारताच लॅपटॉप म्हणाला होता, "हो डॉक्टर, करा. मला हेमासोबत अजून खूप राहायचंय."

डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. हेमलताबाई चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आतून त्या खचल्या होत्या. अजून किती वर्षं, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला होता आणि तो आल्याची शरम त्यांना चार दिवस सोडत नव्हती.

आता गुरुवारी ती चकती त्यांच्या हातात होती.

दुपारी तौफिक मुजावर आला. पोवई नाक्याजवळ त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. आठवीत तो हेमलताबाईंच्या वर्गात होता, चाळिशी उलटली तरी त्यांना "बाई"च म्हणायचा. त्यानं लॅपटॉपला आपलं यंत्र जोडलं, तास-दीड तास काहीतरी बघत बसला. मध्येच त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, याच्यात बिघाड काहीच नाही," तो म्हणाला. "तो असाच बनवलाय."

"म्हणजे कसा?"

"सांगतो. अंदाज बांधणं ही प्रोसेसरची जुनी खोड आहे. तुमचा तो डेस्कटॉप होता ना, त्याचा प्रोसेसरसुद्धा पुढचं पाऊल काय असेल ते आधीच ओळखून काम करून ठेवायचा, म्हणजे वाट बघत बसायला नको. पण खरं उत्तर हाती आलं की तो आपला अंदाज त्याच्याशी ताडून बघायचा. चुकला असला तर केलेलं सगळं टाकून द्यायचा आणि पुन्हा करायचा. एका सेकंदात लाखो वेळा. त्यात वीज जायची, तो तापायचा, म्हणून त्याच्या डोक्यावर तो एवढा मोठा पंखा."

"आणि हा?"

"हा त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. त्याला शंभर वॅट लागायचे, हा दहा-बारा वॅटमध्ये भागवतो. पण याला बॅटरीवर चालायचंय आणि अंगात उष्णता जिरवायला जागा नाही. मग वीज वाचवायची कुठं? तर पडताळ्यात. याच्या चिपमध्ये एक वेगळा भाग आहे, तो माणसाच्या सवयी शिकतो. अंदाजाची खात्री ठरावीक मर्यादेपुढं गेली, की हा पडताळा करतच नाही, अंदाजालाच उत्तर म्हणतो. फोटोला, पत्राला काही फरक पडत नाही. एखादा ठिपका इकडचा तिकडं झाला तर कुणाला दिसतोय?"

"पण माणूस बोलत असला तर?"

तौफिकनं पलंगाकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "ऐकू येतं ना त्यांना?"

"सगळं येतं. बोल तू. त्यांच्यासमोरच बोल."

"सुरुवातीला काका बोलायचे ते बहुतेक त्यांचंच असणार. तेव्हा मेंदूतून येणारे तरंग जोरकस होते. आता ते क्षीण झालेत. क्षीण तरंगातून अक्षर काढायला गणित जास्त लागतं. जास्त गणित केलं की हा तापतो. मग हा गणित कमी करतो आणि अंदाज वाढवतो. खोलीतलं बोलणं याला ऐकू येतं. तुम्ही काय विचारलंत, कुठल्या सुरात विचारलंत, रडवेल्या होतात का, त्यावरून नवरा काय म्हणाला असता ते हा ठरवतो. बायकांना, लेकींना काय ऐकून बरं वाटतं, ते हजारो घरांतून शिकलाय तो." त्यानं पडद्यावरचा एक आकडा दाखवला. "नोव्हेंबरात शंभरातले अठ्ठ्याऐंशी शब्द पडताळलेले होते. या महिन्यात चार."

हेमलताबाई त्या चारच्या आकड्याकडे बघत राहिल्या. "तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लिहीत आले," त्या म्हणाल्या. "उत्तर नुसतं नको, रीत दाखव. आणि इथं घरात कधी विचारलं नाही."

तौफिकनं लॅपटॉपला संपूर्ण पडताळा करायला लावून बघितलं. चारच मिनिटांत त्याची पाठ तव्यासारखी तापली, पडद्यावर एक सूचना आली आणि तो आपणहून पुन्हा अंदाजावर आला.

"जुना कुठाय?" तौफिकनं विचारलं.

जुना माळ्यावर होता, चादरीत गुंडाळलेला. तौफिकनं तो खाली काढला, आतली धूळ ब्रशनं झाडली, वीजपुरवठ्याचा डबा जळला होता तो दुकानातून आणून बदलला, प्रोसेसर आणि पंख्यामधली वाळून खपली झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. संध्याकाळी पाच वाजता तो सुरू झाला. खोलीत घरघर भरून राहिली.

"हा मंद आहे, बाई," तौफिक म्हणाला. "पण याला धापा टाकायची लाज नाही. तासभर चालवा, दिवसभर चालवा, एकाच चालीनं चालतो."

लॅपटॉपनं दिगंबररावांच्या मेंदूतले मूळ तरंग रोजच्या रोज साठवून ठेवले होते. बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता, पण फेकून दिले नव्हते. तौफिकनं ते सगळे जुन्या यंत्रात उतरवले. "तपासून बघायला कुठला दिवस लावू?"

हेमलताबाईंना आठवावं लागलं नाही. "चौदा जानेवारी. संध्याकाळ. साडेसहाच्या सुमारास."

त्या दिवशी शेजारच्या घरातून तिळगूळ आला होता आणि यांच्या घरी कोणी जाणारं-येणारं नव्हतं. हेमलताबाई पलंगाशी बसून कारण नसताना रडल्या होत्या. तेव्हा लॅपटॉप म्हणाला होता, "हेमा, माझ्यापायी तुझं सगळं राहून गेलं. कधी बोललो नाही, पण मला कळतं." चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ज्याची वाट बघितली होती ते हेच वाक्य. नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून त्या कितीतरी वेळ पडून राहिल्या होत्या. त्यानंतरचे दोन महिने त्यांनी त्या वाक्यावर काढले होते.

जुना संगणक कामाला लागला. पहिलं अक्षर यायला चार मिनिटं लागली. "उ." मग "शी." तौफिक उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. हेमलताबाई खुर्चीत बसून होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. पाऊण तासानं पडद्यावर उमटलं:

उशी डावीकडे

त्याच्याखाली आणखी एक ओळ येत होती. तीही पूर्ण व्हायची त्यांनी वाट बघितली. "उशी." आणि पुन्हा एकदा, "उशी."

दिगंबररावांनी ते तीनदा लिहिलं होतं, आणि त्या त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडत होत्या.

हेमलताबाई उठल्या. पलंगापाशी गेल्या, दिगंबररावांचं डोकं एका हातानं अलगद उचललं आणि उशी डावीकडे सरकवली. मान थोडी कलती झाली. श्वास जरा लांब झाल्यासारखा वाटला. वाटला, एवढंच.

"तौफिक, तू जा आता," त्या म्हणाल्या. "दुकान उघडं असेल."

रात्रीच्या स्वयंपाकाआधी त्यांनी शर्वरीला फोन केला. सगळं सांगितलं.

"आई, तू हे का करतेयस?" शर्वरी म्हणाली.

"का म्हणजे?"

"सोमवारी बाबा डॉक्टरांना 'हो' म्हणाले. तुला ते 'हो' नको होतं, म्हणून तू आता माळ्यावरून तो डबा काढून बसलीस."

हेमलताबाईंनी फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला लावला. रागवायचीही ताकद नव्हती. "असेल तसं," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगता येत. म्हणून तर तू ये. मी एकटीनं विचारलं तर माझाच माझ्यावर भरवसा नाही."

"आणि त्यांनी 'नको' लिहिलं तर?"

"तर 'नको'. 'हो' लिहिलं तर 'हो'. त्यांनी लिहिलेलं पाहिजे, बस."

शनिवारी शर्वरी आली. आल्या आल्या तिनं लॅपटॉप उघडला. चकती जोडलेली नव्हती. "बाबा, मी आलेय," ती म्हणाली. "माझी लाडकी आली," लॅपटॉप म्हणाला, "प्रवासात त्रास नाही ना झाला?" शर्वरीनं आईकडे बघितलं. मग झाकण मिटून लॅपटॉप तिनं कपाटावर ठेवला.

रविवारी सकाळी नऊला तौफिकनं चकती जुन्या संगणकाला जोडून दिली आणि तो निघून गेला. घरात तिघंच उरली. हेमलताबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. वर्गात प्रमेय सांगावं तशा त्या सांगत गेल्या. श्वास किती कमी झालाय, गळ्याला छिद्र कुठं करतात, यंत्र लावलं तर काय, नाही लावलं तर काय, औषध देऊन त्रास कसा कमी ठेवतात. काहीही गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अहो, यंत्र लावायचं का? सावकाश लिहा. आम्ही दोघी इथंच आहोत."

पंखा घरघरत राहिला. दहा मिनिटांनी "रा" आलं. शर्वरी पडद्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली होती. "रात्री." मग बराच वेळ काही नाही. हेमलताबाई कूस बदलायची वेळ झाली म्हणून उठल्या, कूस बदलली, पुन्हा येऊन बसल्या. साडेदहाच्या पुढं वाक्य पुरं झालं:

रात्री कोण उठणार

शर्वरीनं ते मोठ्यानं वाचलं आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "हे बाबाच आहेत," ती म्हणाली.

यंत्र लावल्यावर गळ्यातली नळी दिवसरात्र दर दोन तासांनी साफ करावी लागते, हे हेमलताबाईंनी मघाशी सांगितलं होतं. त्यातलं नेमकं तेवढं दिगंबररावांनी उचललं होतं.

"मी उठेन की," हेमलताबाई सवयीनं बोलून गेल्या. मग थांबल्या. पलंगावरच्या माणसाकडे बघितलं. "नाही. खोटं बोलले. मला नाही झेपायचं आता. वर्षभर मी सलग तीन तास झोपलेली नाही. परवा गॅसवर दूध ठेवून उभ्या उभ्या डोळा लागला माझा. सोमवारी डॉक्टरांना तुमचा 'हो' ऐकू आला तेव्हा मला आनंद झाला नाही. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते."

शर्वरीनं आईकडे वळून बघितलं.

या वेळी अक्षरं येताना मधे तासभर दिगंबररावांना झोप लागली. ते जागे झाल्यावर पुढचे शब्द आले.

बाई ठेव

"ठेवीन," हेमलताबाई म्हणाल्या. चार वर्षांत हे आपण आपल्याच तोंडानं का म्हटलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. "मग लावायचं यंत्र?"

दुपारचे दोन वाजले. शर्वरीनं भात टाकला, तिथंच बसून दोघींनी खाल्ला. हात धुऊन आल्या तेव्हा पडद्यावर होतं:

तीन महिने. मग परत विचार. याच्यावरच

मोजणीत वाद मिटला नाही की दिगंबरराव बांधावर कच्ची खूण करायचे आणि पुढची तारीख द्यायचे. हेमलताबाईंना ते माहीत होतं. आपल्या बाबतीतही तेच करतील, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी जायला निघण्याआधी शर्वरीनं वडिलांचा हात हातात घेतला. "बाबा, मी दर रविवारी बोलायचे... तुम्ही मला शाबासकी द्यायचात, लहानपणी मला सायकल शिकवायची राहिली म्हणून वाईट वाटतं म्हणालात. ते तुम्ही म्हणालात का?"

तिची बस साडेसातची होती. सातला पडद्यावर "मी नाही" एवढं आलं. शर्वरीनं मान हलवली, बॅग उचलली, दारापर्यंत गेली. हेमलताबाईंनी तिला हाक मारली. अक्षरं अजून येत होती. शर्वरी बॅग खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिली. ती बस तिनं सोडली, पुढचीही सोडली.

ऐकलं सगळं

दुसऱ्या दिवशी डॉक्टर निंबाळकर आल्या. हेमलताबाईंनी त्यांना दोन्ही संगणक दाखवले आणि चौदा जानेवारीची ती ओळ दाखवली. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "माझे आणखी सहा रुग्ण याच लॅपटॉपवर बोलतात," त्या म्हणाल्या. तौफिकचा फोन नंबर त्यांनी मागून घेतला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि दिगंबररावांना प्रश्न नव्यानं विचारला. उत्तराला अडीच तास लागले. त्या उठल्या नाहीत.

उत्तर तेच होतं, नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारल्यावरही तेच आलं, आणि यंत्र लागलं. रात्रपाळीला भिसेबाई येऊ लागल्या, दणकट, बोलघेवड्या, कामाला चोख. पहिल्या रात्री हेमलताबाई दुसऱ्या खोलीत आडव्या झाल्या त्या सकाळी आठला उठल्या आणि आपण कुठं आहोत हे त्यांना क्षणभर कळेना.

लॅपटॉप कपाटावरच होता. तो परत पाठवायचा असं ठरलं होतं, पण पाठवणं राहून गेलं. पावसाळ्यातल्या एका दुपारी, दिगंबरराव झोपले असताना, हेमलताबाईंनी तो स्वयंपाकघरात नेला. चकती जोडली नव्हती, जोडायची नव्हतीच. झाकण उघडून त्या म्हणाल्या, "दमले हो आज."

"कळतंय मला," तो ओळखीचा आवाज म्हणाला. "बस जरा. तुझ्या हातच्यासारखा चहा कुणीतरी तुला करून द्यायला हवा."

दहा मिनिटं त्या बोलत बसल्या. हा कोण बोलतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग झाकण मिटून त्यांनी लॅपटॉप जागेवर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. असं त्यांनी पुढं आणखी दोनदा केलं. कोणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये ठरल्या दिवशी त्यांनी विचारलं. "अजून तीन," दिगंबररावांनी लिहिलं. सप्टेंबरात लिहिलं, "अजून तीन. भिसेबाई फार बोलतात." डिसेंबरात नुसतं "तीन." मार्चमध्येही "तीन," पण त्या एका शब्दाला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ गेला.

पाचव्यांदा विचारलं तेव्हा जून उजाडला होता आणि शर्वरी आली होती. तरंग इतके बारीक झाले होते की तौफिकनं संगणक सलग दोन दिवस चालू ठेवला. पहिल्या दिवशी एकच अक्षर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शब्द पुरे झाले.

आता नको

नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारायचं होतं. डॉक्टरांनी चार दिवस जाऊ दिले आणि विचारलं. तेच शब्द आले. शर्वरी वडिलांच्या पायांशी बसून होती, तिनं "का" असं विचारलं नाही. हेमलताबाईंनी विचारलं, "अहो, काही सांगायचं राहिलंय?"

त्याला दीड दिवस लागला. भिसेबाई पहाटे निघताना पडद्यापाशी घोटाळल्या, चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि या खेपेला काही न बोलता गेल्या. सकाळी हेमलताबाई आंघोळ करून आल्या तेव्हा ओळ तयार होती.

सही कर

डॉक्टरांनी कागद आणला. हेमलताबाईंनी चष्मा पुसून तो पहिल्यापासून वाचला, गणिताचा पेपर वाचावा तसा, एकेक ओळ बोटाखाली धरत. तिसऱ्या पानावर एक रकाना होता. रुग्णाची इच्छा कोणामार्फत समजली? पुढं तीन पर्याय छापलेले होते: नातेवाईक, यंत्र, इतर. त्यांनी पेन हातात घेऊन ते तीन शब्द पुन्हा वाचले. मग तिन्हींवर आडवी रेघ मारली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं, "स्वतः".

खाली त्यांनी सही केली. डॉक्टरांनी कागद घेतला, तो शब्द वाचला आणि त्याच्याखाली आपली सही केली.